समुद्रातला जोतिबा

कोल्हापुरातल्या निम्म्या लोकांना समुद्र मी दाखवला, आणि तोवर मी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगायचो. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यापासून सांगत नाही. का, ते आज एकदा सांगून टाकतो.

मी पिराजी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, तालमीच्या भिंतीवरचे मारुती, जे काम मिळेल ते करायचो. पण जीव ओतून रंगवले ते तीन पडदे. पापाच्या तिकटीजवळ माझा दोस्त हुसेन याचा फोटो स्टुडिओ होता, तिथं ते टांगलेले असत. एकावर आगबोट आणि दीपगृह, त्याला हुसेन रत्नागिरी म्हणायचा. दुसऱ्यावर माडांची रांग, ते वेंगुर्लं. तिसऱ्यावर नुसतं पाणी आणि पाण्यात एक बेट, ते मालवण. समोर पंचगंगेतून आणलेली वाळू पसरलेली. गिऱ्हाईक आत आलं की हुसेन विचारायचा, "बोला पावणं, सुट्टीला कुटं जायाचं?" मग नवरा-बायकोत अर्धा अर्धा तास खल चालायचा. बाईला माड हवे असत, बाप्याला आगबोट. एक जोडपं तर इतकं भांडलं की शेवटी तो एकटा रत्नागिरीला बसला आणि ती एकटी वेंगुर्ल्याला.

हे फोटो घरोघरी भिंतीवर लागत. "ह्यो आमचा मालवणचा," असं आल्यागेल्याला सांगितलं जाई. समुद्र कापडाचा आहे हे बघणाऱ्याला कळत असे, पण तसं बोलायचं नाही, "झ्याक हाय की" म्हणायचं आणि चहा प्यायचा, अशी रीतच पडली होती. कारण त्याच्याही घरात तसलाच एक टांगलेला असे. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हटलं, कुणाच्या बापाचं काय जातंय?

तिसऱ्या पडद्याची गोष्ट मात्र वेगळी. हुसेन म्हणाला होता, "पिराजी, मदी एक बेट काढ." बेट म्हणजे कसं, विचारलं तर म्हणाला, "पाण्यातला डोंगर." आता मी डोंगर म्हणून नीट बघितलेला एकच, लहानपणापासून दर चैत्रात ज्याच्यावर चढलो तो. हात आपोआप तसाच फिरला. वर पुसटसं शिखर, शेजारी बोटाएवढी दीपमाळ. हुसेननं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "लेका, समुद्रात जोतिबा आणून ठेवलास की रं!" मी तापलो. कुंचला तिथंच फेकला आणि चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण लोकांनी तोच पडदा डोक्यावर घेतला. लग्न झालं की जोडीनं जोतिबाला जायचं ही आमच्याकडची पद्धत, आणि इथं तर एकाच फोटोत समुद्रही मिळत होता आणि जोतिबाही. म्हाताऱ्या बायका पडद्याला हात जोडायच्या. हुसेन नवऱ्याला खुर्चीवर बसवायचा, नवरीला शेजारी उभी करायचा, आणि दोघांच्या बरोबर मध्ये परातीएवढा तो डोंगर दिसेल असं बघायचा.

शालन माझी एकुलती एक पोरगी. मॅट्रिक झालेली, हाताला वळण असलेली. पडद्यांचं निळं मिसळायला ती आठव्या वर्षापासून माझ्याजवळ बसायची. विसावं लागलं तेव्हा शाहूपुरीतून स्थळ आलं. मुलगा बाळासो, वडील वारलेले, घरात आई धोंडुबाई. मूळचे निपाणीकडचे, तिथला तंबाखूचा धंदा मोडून वर्षापूर्वी कोल्हापुरात येऊन गुळाची अडत घातलेली. मी शाहूपुरीत चौकशी केली. सगळे एकच बोलले, पोरगा निर्व्यसनी, आई कडक. हुंडा नको, मानपान नको. पाट्या रंगवणाऱ्याच्या पोरीला असं स्थळ! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मी शालनच्या आईला म्हणालो. निपाणीला जाऊन विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, मला विचारायचंच नव्हतं.

सुपारी फुटली, बारा दिवसांनी साखरपुडा ठरला. चहा झाल्यावर धोंडुबाईंनी पिशवीतून एक अल्बम काढला.

"आमी दर उन्हाळ्याला समुद्राला जातो," त्या आमच्या मंडळींना म्हणाल्या. "आता ह्या दोगांस्नी धाडायचं. बघ अक्का, ही रत्नागिरी, हे वेंगुर्लं, ह्यो मालवण. पोरी, तूच निवड. तू म्हणशील त्या गावाला."

घरात सगळ्यांनी आ वासला. आमच्या गल्लीत नवी जोडी जोतिबाला जायची, फार तर नरसोबाच्या वाडीला, आणि दिवेलागणीला घरी परत. समुद्राला जायचं, तेही दोघांनीच, आणि गाव कुठलं ते सुनेनं ठरवायचं! शेजारणींनी तोंडाला पदर लावले. शालनच्या आईचे डोळे भरून आले.

मी अल्बमात डोकावलो आणि मला चहाचा ठसका लागला. तिन्ही समुद्र माझे होते. आगबोटीपुढं बाळासो, माडांपुढं धोंडुबाई नथ घालून बसलेल्या. मी पाट्या रंगवतो एवढंच त्यांना माहीत. पडद्यावर काय माझं नाव नसतं. शालननंही ओळखलं असणार. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. बढाई मारायची हौस आहे बाईला, मारू दे.

मग तिसरा फोटो बघितला. कोट घातलेला बाळासो खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेला. मागं पाणी. नुसतंच पाणी.

माझा जोतिबा कुठं गेला?

मी अल्बम घेऊन दाराच्या उजेडात गेलो. खुर्चीच्या डाव्या अंगाला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, जिथं माझा डोंगर असायलाच हवा, तिथं लाटा होत्या. आणि त्या लाटा माझ्या नव्हत्या. मी लाट काढायचो ती रंकाळा तळ्याची, बारीक, वाऱ्यानं एका अंगाला कललेली. इथं कुणीतरी फणी फिरवल्यासारख्या सरळ रेघा ओढल्या होत्या. माझ्या समुद्रात परक्याचा हात पडला होता.

फोटोतलं काही घालवायचं असलं की कारागीर त्यावर कुंचल्यानं रंग चढवतो आणि त्याचा पुन्हा फोटो काढतो. पण घालवलं त्या जागी मागचं जे असेल ते रंगवावं लागतं, आणि या कारागिराला मागं काय आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं आपलं पाणी ओढून दिलं होतं. म्हणजे डोंगरापुढं कुणीतरी उभं होतं. माणसाएवढं कुणीतरी.

धोंडुबाईंनी माझ्या हातातून अल्बम काढून घेतला. "कसलं येवडं बगताय व्याही?"

"मालवण झ्याक हाय की," मी म्हणालो.

हो, असंच म्हणालो. सगळं कळलेलं असताना जिभेनं सवयीचं वाक्य टाकलं. त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

"मग पोरी, कुठलं गाव?" धोंडुबाईंनी पुन्हा विचारलं.

"साखरपुड्यादिवशी सांगीन," शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हुसेनचं दार ठोठावलं. त्याच्याकडं सगळ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत सालवार ठेवलेल्या होत्या. दोघं खाली बसून एकेक खिडकीशी धरून बघू लागलो. दोन तासांनी हुसेनचा हात थांबला. त्यानं निगेटिव्ह उजेडाला धरली आणि माझ्याकडं दिली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, तोंड काळं आणि केस पांढरे. पण ती बाईच होती. नऊवारी, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या. बाळासोच्या खुर्चीपासून हातभर लांब, अवघडून उभी. तिच्यामागं माझा जोतिबा पुरता झाकला गेला होता.

"आठवलं की रं," हुसेन हळूच म्हणाला. "मी तिला खुर्चीला लागून उभी केलती. सासू हितं कॅमेऱ्याजवळ. तिकडं सर, आजून तिकडं सर, अशी तिला लेकापासनं लांब ढकलत न्हेली. मी म्हटलं, मावशी, जोतिबा झाकतोय. म्हनली, झाकू दे, माजा पोरगा दिसला म्हंजी झालं."

वहीत नोंद होती. एकाहत्तर साल, चैत्र. जोतिबाला जाऊन आलेली नवी जोडी. फोटोच्या दोन प्रती, एक निपाणीला, एक हुपरीला, आकाराम यांच्या घरी. हुपरी म्हणजे मुलीचं माहेर असणार.

मी भिंतीला टेकून बसलो. हुसेननं पाणी आणून दिलं आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पिराजी, ती मेली बी असंल. बाळंतपणात, न्हाय तर तापानं. बिजवर हाय हे लपवलं, येवडंच."

त्या शब्दाला मी बुडत्यासारखा धरून बसलो. बिजवर असला तर काय झालं? चिडू, चार शब्द सुनावू, आणि पुढं जाऊ. सगळ्या गल्लीला पेढे वाटून झाले होते. माझं मन किती हलकं झालं होतं बघा, कुणाची तरी तरणी पोर मेलेली असावी असं मला वाटत होतं, माझ्या पोरीचं लग्न मोडू नये म्हणून. हे आठवलं की आजही मला माझी किळस येते.

हुसेननं निगेटिव्हवरून ताजा फोटो काढून दिला. तो खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी हुपरीच्या एसटीत बसलो. हुपरीत घराघरातून चांदीवर हातोडी पडत असते. कुणाचंही घर विचारा, पैंजण घडवणारा माणूस हातानंच दाखवतो. आकारामचं घर तसंच सापडलं. आकाराम बाजाराला गेला होता. उंबऱ्याच्या आत एक बाई पैंजणाला घुंगरं जोडत बसली होती. तिनं मान वर केली.

निगेटिव्हमधलं पांढरं काळं झालं, काळं पांढरं झालं, एवढाच फरक. तीच होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. जिवंत. चांगली धडधाकट जिवंत.

मी उंबऱ्याशी उभा राहिलो.

"काय पायजे पावणं? पैंजण?"

मी फोटो पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि फोटो दोन्ही कडांनी धरला.

"आमच्याकडचा फोटू आकारामदादानं चुलीत घातला," ती म्हणाली. "तुमास्नी कुटं घावला?"

"पोरी, आदी तुजं सांग," मी म्हणालो. "नाव काय तुजं?"

"हौसा."

तिनं सांगितलं ते फार थोडं होतं. लग्नाला वर्ष होता होता, पुढच्या उन्हाळ्यात, सासू म्हणाली होती, यंदा समुद्राला जायचं. "म्हनली, हौसा, तूच निवड, तू म्हणशील त्या गावाला. मी म्हटलं, मालवण. फोटोतलं. मग म्हनली, आठ दिस म्हायेरी जाऊन ये, तिकिटं काढून तुला तितनंच न्ह्याला येतो. ट्रंक भरून गाडीत बसवलं." ती थांबली. "त्याला एक वरीस झालं. दादा दोनदा निपाणीला गेलता. पयल्यांदा दार उगडलं न्हाय. दुसऱ्या खेपंला घरच इकलं होतं."

"मग तुमी काय केलंसा? पोलिसात? पंचांत?"

"दादा म्हनला, बोभाटा नगं. आज ना उद्या न्ह्यालीत."

दाराशेजारी एक हिरवी ट्रंक होती, वर धुतलेलं फडकं अंथरलेलं. माझी नजर तिकडं गेलेली तिनं बघितली. "तशीच हाय," ती म्हणाली. "दोन लुगडी आन् एक रिकामी पिशवी. शिंपलं आणायला."

तूच निवड. तू म्हणशील त्या गावाला. अगदी हेच शब्द दोन दिवसांपूर्वी माझ्या घरात, माझ्या पोरीला उद्देशून म्हटले गेले होते, आणि ते ऐकून माझ्या बायकोचे डोळे भरून आले होते. सुनेचे लाड नव्हते ते. सून घराबाहेर काढायची ती त्या बाईची रीत होती.

"तुमी कोण त्येंचं?" हौसानं विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळली असती, पण त्या दिवशी नाही वळली. "मी त्याचा व्हनारा सासरा," मी म्हणालो.

ती रडली नाही. हातातला पैंजण खाली ठेवला, आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच न विचारता म्हणाली, "तुमच्या पोरीनं कुठलं गाव निवडलंय?"

"आजून न्हाय."

"निवडू नगं म्हणावं."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. शालनची आई छाती बडवायला लागली, आत्ताच्या आत्ता निरोप धाडा म्हणाली. माझं डोकं फिरलं होतं. तालमीतली चार पोरं घेऊन जातो आणि बाळासोच्या तंगड्याच मोडतो, असं मी ओरडत होतो. शालन भिंतीशी बसली होती. ती आमच्या दोघांचं संपायची वाट बघत होती.

"आबा, त्या फोटूत बेट नव्हतं," ती म्हणाली. "मला बी दिसलं. म्हटलं, आबा बोलतील. तर आबा म्हनलं, झ्याक हाय."

कुणी कानफटात मारली असती तरी चाललं असतं. पोरीनं त्याच वेळी ओळखलं होतं. भरल्या घरात ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती, आणि मी काहीच बोललो नाही म्हणून तिनं एकटीनं बारा दिवसांची मुदत मागून घेतली होती.

"निरोप धाडून काय व्हनार?" शालन पुढं म्हणाली. "त्येंचं काय बिघडतंय? अल्बम घेऊन दुसऱ्या घरात जातील. तिसरी पोरगी गाव निवडंल. साखरपुडा व्हऊ दे. ओटी भरायला पाच सवाशिणी लागत्यात नव्हं? चार गल्लीतल्या. पाचवी हुपरीची आणा."

मी पोरीकडं बघतच राहिलो. वीस वर्षं घरात होती आणि मला ती माहीतच नव्हती.

पुन्हा हुपरीला गेलो. आकाराम माझ्या अंगावर धावून आला, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडता काय, म्हणाला. हौसानं त्याला बाजूला केलं आणि एकच विचारलं, "त्यो आसंल का तितं?"

"आसंल."

"यीन मी."

साखरपुड्याला आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. धोंडुबाई भारी साडीचं ताट घेऊन आल्या होत्या, बाळासोनं तोच फोटोतला कोट घातला होता. शालन पाटावर बसली. धोंडुबाई मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय पोरी, ठरलं का गाव?"

"आदी ओटी भरू द्या," शालन म्हणाली.

चार सवाशिणींनी कुंकू लावलं, ओटी भरली. पाचवी आतल्या खोलीतून आली, पदर तोंडावर ओढलेला. तिनं शालनच्या कपाळाला कुंकू लावलं, खण-नारळ तिच्या ओटीत घातला, आणि मग सावकाश पदर मागं केला.

बाळासोनं आधी बघितलं. त्याच्या हातातला विडा खाली पडला. मग धोंडुबाईंनी बघितलं, आणि त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की दारातली पोरं मागं सरली.

"हिला कुणी आणली? टाकलेली बाई ओटीला चालत न्हाय! सवाशीण हाय व्हय ही?"

"का वो?" हौसा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माजा नवरा मेलाय व्हय? त्यो बगा की, बसलाय."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते उतरवायला कुणी उठलं नाही. कुणी कुणाकडं बघेना.

शालन पाटावरून उठली. "गाव ठरलंय माजं," ती धोंडुबाईंना म्हणाली. "मालवण. पर माज्या आदी ह्येंचा नंबर हाय. ह्येंची ट्रंक भरून वरीस झालं."

हौसा आत गेली, ती हिरवी ट्रंक उचलून आणली आणि बाळासोच्या पायाशी ठेवली. "चला," ती म्हणाली. "गाडी कुठली धरायची, येवडं सांगा."

तो अठ्ठावीस वर्षांचा बाप्या. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं आईकडं बघितलं. शाळेत पाढा चुकलेलं पोर बघतं, तसं. मला राग यायला हवा होता, पण त्या क्षणी नुसतीच भीती वाटली, की या माणसाच्या हातात मी माझी पोर देणार होतो.

"आई, चल," तो म्हणाला, आणि ट्रंक ओलांडून दाराबाहेर गेला. धोंडुबाई शिव्या देत होत्या, माझ्या कुळाचा उद्धार करत होत्या, पण त्यांचंही लक्ष दाराकडं होतं. साडीचं ताट त्यांनी उचललं. अल्बम मात्र खाटेवर राहिला.

गल्लीतल्या बायका हौसाभोवती जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी धोंडुबाईच्या नावानं बोटं मोडली. आकाराम तिला न्यायला बाहेर उभा होता. जायच्या आधी ती माझ्याजवळ आली.

"मला त्यो पडदा बघायचाय," ती म्हणाली. "फोटू काढताना पाठ होती माजी. मागं वळू दिलंच न्हाय. माज्या मागं काय होतं?"

मी, शालन, हौसा आणि तिचा भाऊ हुसेनकडं गेलो. हुसेननं तिला ओळखलं. त्यानं दोरी सोडून तिसरा पडदा खाली आणला. वाळूत उभं राहून हौसा बघत राहिली. मला वाटलं, आता ही हात जोडणार.

"ह्यो तर जोतिबा हाय," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.

"समुद्रात?"

"मी समुद्र बघितला न्हवता, पोरी. मला वाटलं तसा काढला."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसला असता. "म्हंजी ह्ये गाव न्हाईच," ती म्हणाली. "मी वरीसभर ज्यासाठी ट्रंक भरून ठिवली, ते गावच न्हाय."

आठ-दहा दिवस मी धोंडुबाईला खोटारडी म्हणत होतो, बाळासोला नामर्द म्हणत होतो. त्या बाईनं जे गाव दाखवून दोन पोरींना भुलवलं, ते माझ्या हातानं रंगवलेलं होतं, आणि त्यात कुणाच्या बापाचं काय जातंय, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. काय जातं ते माझ्यासमोर वाळूत उभं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, माफी असेल, मला आठवत नाही.

"हाय की गाव," शालन म्हणाली. ती हौसाजवळ जाऊन उभी राहिली. "मालवण खरंच हाय. समुद्र बी हाय. बेट बी हाय म्हणत्यात. ह्ये आबांनी चुकीचं काढलंय, येवडंच. आपुन जाऊन बघू. आई, आबा, तू आन् मी."

हौसा भावाकडं बघू लागली. आकारामनं तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "जा."

"ट्रंक भरलेलीच हाय," हौसा म्हणाली.

शालननं माझ्याकडं बघितलं. "आबा, मालवणची गाडी किती वाजता असती?"

मी हुसेनकडं बघितलं, हुसेननं माझ्याकडं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी अख्खं कोल्हापूर मालवणला पाठवलं होतं, आणि गाडी किती वाजता सुटते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मी पायात वहाणा सरकवल्या आणि स्टँडवर विचारायला गेलो.